एंझाइम अभिरंजन, ऊतकांतील

ऊतकाच्या (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहाच्या) पातळ छेदात एखादे विशिष्ट एंझाइम (सजीवातील रासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिनरूप उत्प्रेरक) कोठे आहे, हे त्याच्याच क्रियेतून निर्माण होणाऱ्या रंगीत व न विरघळणाऱ्या पदार्थाच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखविण्याच्या पद्धतींना एंझाइम अभिरंजन पद्धती म्हणतात. ऊतकरसायनशास्त्राच्या ज्या शाखेत त्यांचा समावेश होतो तिला एंझाइम ऊतकरसायन असे नाव आहे. नेहमीच्या अभिरंजनात रंजकद्रव्य (रंगविणारा पदार्थ) ऊतकातील घटकाला चिकटते व तो घटक रंगीत दिसतो. एंझाइम अभिरंजनात मात्र एंझाइम स्वतः कधीच दिसत नाही. दिसते ती त्याने केलेल्या कामाची निष्पत्ती. एंझाइमाने पदार्थ तयार केला तेथेच तो साचला असेल, तर चित्र खरे असते. तयार झालेला पदार्थ दोन मायक्रोमीटर (मीटरचा दशलक्षावा भाग) दूर जाऊन साचला, तर चित्र तितकेच रेखीव दिसते, पण ते खोटे असते. या पद्धतींच्या विश्वसनीयतेचा सर्व प्रश्न या एका गोष्टीतून उद्‌भवलेला आहे.

पद्धतीचे तत्त्व : ज्या पदार्थावर एंझाइमाची क्रिया होते त्यास कार्यद्रव्य म्हणतात. ऊतकाचा छेद कार्यद्रव्य असलेल्या विद्रावात ठराविक तापमानास व ठराविक पीएच मूल्यास (अम्लता वा क्षारता दर्शविणाऱ्या मूल्यास) काही काळ ठेवतात. एंझाइम कार्यद्रव्याचे विघटन करते व एक विद्राव्य (विरघळणारा) पदार्थ मुक्त होतो. त्यास प्राथमिक विक्रियाफल म्हणतात. विद्रावात आधीच घातलेला दुसरा एक पदार्थ त्याला तत्काळ पकडतो व त्याचा अविद्राव्य साका बनवितो. हे अंतिम विक्रियाफल होय. ते स्वतः रंगीत असते किंवा पुढील एखाद्या विक्रियेने त्याला रंग आणतात.

प्राथमिक विक्रियाफल मुक्त होणे व ते पकडले जाणे यांत काही काळ जातोच. तेवढ्या काळात त्याचे विसरण (अधिक संहतीच्या म्हणजे प्रमाणाच्या भागाकडून कमी संहतीच्या भागाकडे पसरणे) होते. पकडण्याचा वेग विसरणाच्या वेगापेक्षा पुष्कळ जास्त असेल, तरच साका मूळ जागी बसतो. लंडन येथील एस. जे. होल्ट व त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात या दोन वेगांचा गणिती व प्रायोगिक विचार केला आणि इंडॉक्सिल संयुगांपासून नीळ तयार करणारी पद्धत पुढे आणली. या पद्धतीत निळीचे स्फटिक अगदी बारीक असतात व त्यांचा ऊतकातील प्रथिनांकडे वा मेदाकडे विशेष ओढा नसतो. महाराष्ट्रातील वाचकाला नीळ परिचित आहे ती कपड्यांच्या संदर्भात. कोशिकेतील एंझाइमाची जागा दाखविण्यास तिच्याइतके योग्य द्रव्य थोडेच सापडले, हा रसायनशास्त्रातील एक मौजेचा योग म्हटला पाहिजे.

इतिहास : वनस्पतींच्या व प्राण्यांच्या ऊतकांतील ऑक्सिडीकारक एंझाइमे रंगांच्या साहाय्याने दाखविण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाले होते. त्वचेतील कृष्णरंजक (मेलॅनीन) बनविणाऱ्या कोशिका डोपा या संयुगाच्या विद्रावात काळ्या पडतात, हे ब्रूनो ब्लॉख यांनी १९१७ मध्ये दाखविले. गोठविलेल्या ऊतकाचे छेद थंड पेटीतच घेण्याची व्यवस्था (क्रायोस्टॅट) डेन्मार्कमध्ये के. लिंडरस्ट्रम-लांग व के. मोगेन्सेन यांनी १९३८ मध्ये वर्णन केली. आधुनिक एंझाइम ऊतकरसायनाचा प्रारंभ मात्र सामान्यतः १९३९ पासून मानतात. त्या वर्षी मूळचे हंगेरीचे व शिकागो येथे काम करणारे जॉर्ज गोमोरी आणि जपानमधील एच. ताकामात्सू यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे क्षारीय फॉस्फेटेज या एंझाइमाची पद्धत शोधून काढली. १९४१ मध्ये गोमोरी यांनी शिशाच्या लवणाचा उपयोग करून अम्लीय फॉस्फेटेजाची पद्धत दिली. एंझाइमांच्या गतिविज्ञानातील मायकेलिस-मेंटेन समीकरणामुळे ज्यांचे नाव सर्वपरिचित आहे त्या मॉड मेंटेन यांनी १९४४ मध्ये दोन सहकाऱ्यांसह मूत्रपिंडातील क्षारीय फॉस्फेटेजासाठी ॲझो रंजकाची पद्धत प्रसिद्ध केली. ए. जी. ई. पिअर्स यांच्या १९५३ मधील ग्रंथाने या विखुरलेल्या पद्धतींना शास्त्राचे रूप आले.

केंद्रकातील फॉस्फेटेजाचा वाद : विश्वसनीयतेची कसोटी म्हणजे काय, हे या शास्त्राला ज्या प्रकरणातून उमगले ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. गोमोरी यांच्या पद्धतीत छेद ग्लिसरोफॉस्फेट व कॅल्शियमाचे लवण असलेल्या क्षारीय विद्रावात ठेवतात. एंझाइमामुळे फॉस्फेट मुक्त होते व कॅल्शियम फॉस्फेटाचा साका बनतो. तो रंगहीन असल्यामुळे दिसत नाही. म्हणून छेद कोबाल्टाच्या लवणात व नंतर अमोनियम सल्फाइडात बुडवितात. त्यामुळे साक्याच्या जागी काळे कोबाल्ट सल्फाइड तयार होते. मूत्रपिंडाच्या छेदात समीपस्थ नलिकांच्या कोशिकांची ब्रशासारखी आतील कडा या पद्धतीने गडद काळी दिसते. लहान आतड्याच्या अस्तराची कडाही तशीच दिसते. हे निष्कर्ष ऊतकाचा लगदा करून केलेल्या रासायनिक मापनांशी जुळत होते. परंतु कडेबरोबरच अनेक कोशिकांची केंद्रकेही काळी पडत. केंद्रकात आनुवंशिक द्रव्य असते. तेथे फॉस्फेटेज आढळावे हे तात्त्विक दृष्ट्या आकर्षक होते. १९४५ मध्ये जे. एफ. डॅनिएली व डी. जी. कॅचसाइड यांनी गुणसूत्रांवर फॉस्फेटेज असल्याचे प्रसिद्ध केले. १९४६ मध्ये डॅनिएली यांनी पद्धतीचे चिकित्सक परीक्षण करून तिच्या बाजूने निष्कर्ष काढला. न्यूक्लिइक अम्लांच्या व प्रथिनांच्या निर्मितीशी या एंझाइमाचा संबंध जोडणाऱ्या उपपत्ती त्यानंतर मांडल्या जाऊ लागल्या.

या इमारतीचा पाया १९४९ मध्ये हलला. एफ. जेकोबी व बी. एफ. मार्टिन यांनी ज्यातील एंझाइम आधीच निष्क्रिय केले आहे असे छेद सक्रिय ऊतकाच्या सान्निध्यात ठेवून तीच विक्रिया केली. निष्क्रिय छेदात एंझाइम नव्हते; तरीही त्यातील केंद्रके काळी पडली. याचा अर्थ स्पष्ट होता. सक्रिय ऊतकातून बाहेर पसरलेले पदार्थ शेजारच्या छेदातील केंद्रकांवर जाऊन बसत होते, कारण केंद्रकांना कॅल्शियम फॉस्फेटाचे विशेष आकर्षण असते. म्हणजे केंद्रक एंझाइमामुळे काळे होत नव्हते, तर ते केवळ शेजाऱ्याची काजळी गोळा करीत होते. १९५१ मध्ये ए. बी. नोव्हिकॉफ यांनी कोशिकेच्या अंतर्भागाच्या पातळीवर या पद्धती कितपत ग्राह्य आहेत असा प्रश्न उघडपणे उपस्थित केला. मूत्रपिंडाच्या नलिकेची कडा दाखविण्यास पुरेशी असलेली पद्धत केंद्रक व कोशिकाद्रव्य यांत भेद करण्यास पुरेशी असतेच असे नाही, ही गोष्ट त्यानंतर सर्वमान्य झाली. एखाद्या पद्धतीची विश्वसनीयता निरपेक्ष नसते. ती विचारलेल्या प्रश्नाच्या सूक्ष्मतेवर अवलंबून असते. या वादात काळ्या केंद्रकांची छायाचित्रे कोणीही बनावट केलेली नव्हती, हे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. निरीक्षण बिनचूक होते. त्याचा अर्थ तेवढा चुकला होता.

दोषांची कारणे : विसरण हे एकच कारण नव्हे. अनेक एंझाइमे मुळातच विद्राव्य असतात व न स्थिरावलेल्या छेदातून काही मिनिटांत विद्रावात निघून जातात. छेदात मग एंझाइम दिसत नाही आणि ‘अभाव’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. हे टाळण्यासाठी फॉर्माल्डिहाइडासारख्या स्थिरीकारकाने ऊतक स्थिर करावे, तर एंझाइमाची क्रियाशीलता कमी-अधिक प्रमाणात नष्ट होते. ही हानी सर्व एंझाइमांत सारखी नसते. काही एस्टरेजे अल्प स्थिरीकरणानंतरही चांगली टिकतात. सक्सिनिक डीहायड्रोजनेज फारच कमी टिकते. १९६५ मध्ये एफ. पी. आल्टमन व जे. चेन यांनी विद्रावात पॉलिव्हिनिल अल्कोहॉलासारखे दाट द्रव्य घालून न स्थिरावलेल्या छेदातील प्रथिने जागीच धरून ठेवण्याची युक्ती सांगितली. ती अतिशय उपयुक्त ठरली.

अंतिम विक्रियाफलाचा मेदाकडे ओढा असेल, तर ऊतकातील मेदाचे थेंब रंगतात व तेथे एंझाइम असल्याचा भास होतो. डीहायड्रोजनेजांच्या पद्धतीत टेट्राझोलियम लवणे वापरतात. त्यांचे क्षपण होऊन फॉर्माझान हा निळा वा जांभळा पदार्थ बनतो. प्रारंभी वापरलेल्या लवणांचे फॉर्माझान मेदात विरघळत असे आणि त्याचे स्फटिकही मोठे असत. १९५७ मध्ये एम. एम. नॅक्लास, ए. एम. सेलिगमन व त्यांचे सहकारी यांनी नायट्रो-ब्ल्यू-टेट्राझोलियम वापरल्यानंतर कलकणूंच्या (कोशिकेतील ऊर्जानिर्मिती करणाऱ्या सूक्ष्म कणांच्या) आकाराशी जुळणारी चित्रे मिळू लागली. परंतु कार्यद्रव्य अजिबात न घालताही काही छेद निळे पडत असल्याचे आढळले. १९५९ मध्ये एच. झिमरमान व पिअर्स यांनी या प्रकाराची चिकित्सा केली व त्यास ‘कशाचेही नसलेले डीहायड्रोजनेज’ अशा अर्थाचे नाव रूढ झाले. ऊतकातच शिल्लक असलेली कार्यद्रव्ये किंवा प्रथिनांतील सल्फर गट लवणाचे क्षपण घडवून आणतात, हे त्याचे कारण होय. नावातील विनोद सोडला, तर हा दोष गंभीर आहे; कारण नियंत्रण छेद न घेणाऱ्या निरीक्षकाला तो कधीच कळत नाही.

तिसरा दोष विशिष्टतेचा. प्रयोगशाळेत वापरले जाणारे कार्यद्रव्य बहुधा कृत्रिम असते व ते एकापेक्षा अधिक एंझाइमांना चालते. गोमोरी यांनी १९४५ मध्ये लायपेजासाठी दिलेल्या पद्धतीत ट्वीन नावाची मेदाम्लांची एस्टरे वापरतात. मुक्त झालेल्या मेदाम्लाचा कॅल्शियमाशी साबण बनतो व त्याचे पुढे शिशाच्या तपकिरी सल्फाइडात रूपांतर करतात. या पद्धतीत जे रंगते ते खरे लायपेज की सर्वसाधारण एस्टरेज, हा वाद दीर्घकाळ चालला. भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आले ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील जे. सी. जॉर्ज व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनामुळे. पक्षी व वटवाघळे यांच्या उड्डाणस्नायूंत ऊर्जेसाठी मेद वापरला जातो की ग्लायकोजेन, याचा त्यांनी एंझाइम अभिरंजनाने शोध घेतला. कबुतराच्या छातीच्या स्नायूत अरुंद, मेदयुक्त, लाल तंतू व रुंद, ग्लायकोजेनयुक्त, पांढरे तंतू असे दोन प्रकार असतात. त्यांतील अरुंद तंतूंत लायपेज व सक्सिनिक डीहायड्रोजनेज यांची क्रियाशीलता अधिक आढळते. ट्वीन पद्धतीवर आक्षेप असूनही हे निष्कर्ष टिकले, कारण ते एका पद्धतीवर विसंबून नव्हते. मेदाचे प्रमाण, डीहायड्रोजनेजाची वाटणी व ऊतकाच्या लगद्यावरील रासायनिक मापने ही सर्व एकाच दिशेने बोट दाखवीत होती. जॉर्ज व ए. जे. बर्जर यांचा पक्ष्यांच्या स्नायूंवरील ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

शिशाचा वाद : १९५७ मध्ये एम. वॉक्स्टाइन व ई. मायझेल यांनी एटीपीचे (कोशिकेतील ऊर्जावाहक संयुगाचे) विघटन करणाऱ्या एंझाइमांसाठी शिशाच्या लवणाची पद्धत दिली व ती जगभर वापरली जाऊ लागली. १९६६ मध्ये ए. एस. रोझेंथाल, एच. एल. मोझेस व त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, शिशाचे आयन एंझाइमाच्या मदतीशिवायही एटीपीचे विघटन करू शकतात. शिवाय शिसे एंझाइमाला काही अंशी निष्क्रियही करते. म्हणजे ज्याला पकडण्यासाठी पहारेकरी नेमला तोच चोरीत सामील असल्याचा संशय निर्माण झाला. यावर पुढील काही वर्षे तीव्र मतभेद झाले. नोव्हिकॉफ यांनी पद्धतीचा पक्ष घेतला. अखेर वस्तुस्थिती मधल्या जागी सापडली. शिसे व एटीपी यांचे परस्पर प्रमाण, तापमान व कालावधी काटेकोर राखल्यास पद्धत अनेक ऊतकांत उपयुक्त राहते. परंतु सोडियम-पोटॅशियम पंपाच्या एंझाइमासाठी ती वापरणे धोक्याचे असते. त्या एंझाइमासाठी एस. ए. अर्न्स्ट यांनी १९७२ मध्ये स्ट्राँशियमाची स्वतंत्र पद्धत दिली. १९८० नंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय अभ्यासात शिशाऐवजी सिरियमाच्या लवणांचा वापर वाढला. त्यांचा साका अधिक बारीक असतो.

नियंत्रणे : वरील अनुभवातून काही चाचण्या आवश्यक ठरल्या. विश्वसनीय प्रयोगात प्रत्येक छेदाबरोबर निदान एक छेद कार्यद्रव्य न घालता व एक छेद उष्णतेने निष्क्रिय करून तपासतात. त्याहून महत्त्वाची चाचणी विशिष्ट निरोधकाची. आम्लीय फॉस्फेटेजांपैकी काही टार्टरेटाने रोखली जातात, तर काही त्याला दाद देत नाहीत, आणि या भेदाचा निदानातही उपयोग होतो. लेव्हॅमिसोल हे कृमिनाशक औषध बहुतेक ऊतकांतील क्षारीय फॉस्फेटेज रोखते, पण आतड्यातील प्रकारावर त्याचा परिणाम अत्यल्प होतो. कोलीनएस्टरेजे एसेरिनाने रोखली जातात. सक्सिनिक डीहायड्रोजनेजाच्या बाबतीत मॅलोनेट कार्यद्रव्याशी स्पर्धा करून एंझाइमाची जागा अडविते. निरोधक घालूनही रंग कायम राहिला, तर तो रंग त्या एंझाइमाचा नव्हे. उलट, रंग नाहीसा झाला म्हणजे एंझाइमाची जागा सिद्ध झाली, असेही नाही. कारण निरोधकाने एंझाइम थांबले तर दुसरीकडे वाहत जाणारे विक्रियाफलही थांबतेच. जेकोबी व मार्टिन यांचा निष्क्रिय छेदाचा प्रयोग म्हणूनच निरोधकाच्या चाचणीची जागा घेत नाही व निरोधकाची चाचणी त्या प्रयोगाची जागा घेत नाही.

रंगाच्या गडदपणावरून एंझाइमाचे प्रमाण मोजावयाचे असेल तर अटी आणखी कडक होतात. कार्यद्रव्याची संहती इतकी हवी की, एंझाइम पूर्ण वेगाने काम करील. साक्याचे प्रमाण कालावधीच्या व छेदाच्या जाडीच्या सम प्रमाणात वाढले पाहिजे आणि त्याचा प्रकाशशोषणाशी असलेला संबंध ज्ञात पाहिजे. पी. जे. स्टोवर्ड यांनी १९८० मध्ये अशा मापनात्मक पद्धतींच्या ग्राह्यतेचे निकष एकत्रित मांडले. डोळ्यांनी दिलेल्या ‘सौम्य, मध्यम, तीव्र’ अशा श्रेण्या तुलनेपुरत्या ठीक असतात. दोन भिन्न दिवशी केलेल्या छेदांत त्यांची तुलना करणे मात्र योग्य नव्हे.

ऊतक घेणे व नेणे : प्रयोगशाळेतील सर्व दक्षता ऊतक तेथे पोहोचण्यापूर्वीच व्यर्थ जाऊ शकते. स्नायूच्या नमुन्याचे उदाहरण बोलके आहे. तो काढल्यावर द्रव नायट्रोजनाने सुमारे –१६०° सें. पर्यंत थंड केलेल्या आयसोपेंटेनात क्षणार्धात गोठवावा लागतो. गोठण मंद झाल्यास ऊतकातील पाण्याचे मोठे स्फटिक बनतात व तंतू जाळीसारखे सच्छिद्र दिसतात. अननुभवी निरीक्षक हा रोगाचाच भाग समजण्याचा संभव असतो. नमुना असा गोठविण्याची सोय सर्वच ठिकाणी नसते. राजगुरुनगर (खेड) हे पुण्याच्या उत्तरेस सुमारे ४० किमी. वर नासिक रस्त्यावर आहे. अशा ठिकाणी काढलेला नमुना पुण्यास नेताना तो क्षारजलाने ओलसर केलेल्या (पण भिजून चिंब न झालेल्या) जाळीदार कापडात गुंडाळून, हवाबंद डबीत घालून, वितळत्या बर्फावर ठेवावा लागतो. क्षारजलात बुडविलेला नमुना पाणी शोषून घेतो व गोठविताना बिघडतो. बर्फाला थेट टेकलेला नमुना कडेने हळूहळू गोठतो. फॉर्मॅलिनात टाकलेला नमुना नेहमीच्या तपासणीस उपयोगी पडतो, पण त्यातील बहुतेक एंझाइमे संपलेली असतात. चाकण परिसरातील वाहतुकीत किंवा वैशाखाच्या उन्हात गेलेले दोन तास सर्व एंझाइमांना सारखे बाधत नाहीत. मायोसिनाचे एटीपीएज बरेच टिकाऊ असते. फॉस्फोरिलेज लवकर क्षीण होते. म्हणून फॉस्फोरिलेज न दिसल्यास प्रथम शंका प्रवासावर घ्यावी लागते, रुग्णावर नव्हे.

ही शंका छेदातच सोडविता येते, हे या पद्धतीचे बलस्थान होय. इंग्लंडमधील ब्रायन मॅकार्डल यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या व त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात कंकाल स्नायूतील फॉस्फोरिलेज नसते. त्यामुळे श्रमाने स्नायूंत पेटके येतात. अशा रुग्णाच्या छेदात स्नायुतंतू रंगत नाहीत, पण त्याच छेदातील रक्तवाहिन्यांच्या भित्तींतील अरेखित स्नायू रंगतात, कारण तेथे एंझाइमाचा निराळा प्रकार असतो. वाहिन्या रंगल्या व तंतू रंगले नाहीत, तर अभाव खरा. दोन्ही रंगले नाहीत, तर नमुना बिघडलेला किंवा विद्राव चुकलेला. पुनर्जननाच्या अवस्थेतील तंतू मात्र या रोगातही रंगू शकतात, ही बाब ध्यानात न घेतल्यास निदान निसटते.

वैद्यकातील उपयोग व मर्यादा : स्नायूंच्या विकारांत तंतूंचे प्रकार ओळखण्यासाठी मायोसिनाच्या एटीपीएजाची पद्धत वापरतात. छेद आधी निरनिराळ्या पीएच मूल्यांच्या विद्रावांत ठेवला असता प्रकारांची गडदता बदलते. पीएच मूल्य ९·४ असताना दुसऱ्या प्रकारचे तंतू गडद व पहिल्या प्रकारचे फिके दिसतात. ४·३ असताना याच्या उलट दिसते. एम. एच. ब्रुक व के. के. कायझर यांनी १९७० मध्ये ४·६ या मूल्याचा उपयोग करून दुसऱ्या प्रकाराचे उपप्रकार वेगळे केले. या ठिकाणी एक-दोन दशांशांचा फरकही चित्र पालटतो. म्हणून पीएच मापक रोज तपासला नाही, तर दोन उपप्रकारांचे प्रमाण रुग्णाच्या प्रकृतीऐवजी उपकरणाच्या प्रकृतीवर ठरते.

या भेदाचे महत्त्व केवळ वर्गीकरणापुरते नाही. तंत्रिकेला (मज्जातंतूला) इजा होऊन पुन्हा जोडणी झाल्यास एकाच प्रकारचे तंतू गटागटाने आढळतात. हालचालीचा अभाव, कुपोषण किंवा स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर यांमुळे मुख्यतः दुसऱ्या प्रकारचे तंतू बारीक होतात. नेहमीच्या अभिरंजनात दोन्ही स्थितींत केवळ बारीक तंतू दिसतात. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालयसमूह यांच्याशी संबंधित तंत्रिका-विकृतिविज्ञान विभागात दाराब के. दस्तूर व त्यांचे सहकारी यांनी कुष्ठरोगातील तंत्रिका, लाखेच्या डाळीमुळे होणारा लॅथिरिझम, स्नायूंचे अपक्षय आणि कुपोषणातील स्नायू यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. स्नायू क्षीण होण्याचे मूळ स्नायूत आहे, तंत्रिकेत आहे की उपासमारीत आहे, हा प्रश्न या सर्व विकारांत समान आहे. कुष्ठरोग व कुपोषण ही दोन्ही ज्या प्रदेशात एकाच रुग्णात आढळू शकतात तेथे एखाद्या छेदाचा चुकीचा अर्थ लावणे म्हणजे रुग्णाला चुकीच्या उपचाराकडे पाठविणे होय.

कुष्ठरोगाच्या जंतूविषयीचे संशोधनही याच संदर्भात आठवते. हा जंतू कृत्रिम माध्यमात वाढत नसल्यामुळे तो ओळखण्याचे खात्रीचे साधन हवे होते. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये आधी काम केलेले के. प्रभाकरन यांनी डब्ल्यू. एफ. किर्चहाइमर यांच्याबरोबर अमेरिकेतील कारव्हिल येथे काम करीत असताना १९६६ मध्ये डोपाचे ऑक्सिडीकरण हे या जंतूचे ओळखचिन्ह असल्याचे मांडले. ही क्रियाशीलता जंतूची स्वतःची की ज्या ऊतकातून तो काढला त्या ऊतकाची, यावर पुढे मतभेद झाले. डोपा हवेच्या संपर्कात आपोआपही काळवंडते व त्वचेतील रंजक-कोशिकांत ते ऑक्सिडीकृत करणारे एंझाइम मुळातच असते. त्यामुळे नियंत्रणांचा प्रश्न येथे विशेष बिकट झाला.

नवजात बालकांच्या मोठ्या आतड्यातील जन्मजात दोषाच्या (हिर्शस्प्रुंग विकाराच्या) निदानासाठी डब्ल्यू. मायर-रूगे यांनी १९७२ मध्ये ॲसिटिलकोलीनएस्टरेजाचे अभिरंजन प्रचारात आणले. या विकारात आतड्याच्या टोकाकडील भागात तंत्रिका-कोशिकांचे पुंज नसतात व अस्तरात कोलीनएस्टरेजयुक्त तंत्रिकातंतू अतिशय वाढलेले असतात. पद्धत कुशल हातांत अचूक ठरते. परंतु जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ही वाढ पुरेशी झालेली नसल्याने निष्कर्ष नकारात्मक येऊ शकतो. गोठविलेला ताजा नमुनाही लागतो. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून मेणात बसविलेल्या साध्या नमुन्यावर करता येणारे कॅलरेटिनिन या प्रथिनाचे प्रतिपिंड-अभिरंजन अनेक रुग्णालयांनी स्वीकारले. रक्तातील पांढऱ्या कोशिकांमधील क्षारीय फॉस्फेटेजाची गणनाही अशीच मागे पडली. या गणनेत १०० कोशिकांना ० ते ४ गुण देऊन ० ते ४०० अशी बेरीज करीत व विशिष्ट प्रकारच्या दीर्घकालीन रक्तकर्करोगात ती फार कमी येई. रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए घातले असेल तर ते एंझाइमाला आवश्यक असलेले धातूंचे आयन बांधून ठेवते व निरोगी माणसाचीही बेरीज कमी येते. जनुकीय चाचण्या उपलब्ध झाल्यावर या गणनेची निदानातील गरज बव्हंशी संपली.

प्रतिपिंडांवर आधारलेल्या पद्धती विशिष्टतेत सरस असल्या तरी त्या प्रथिनाचे अस्तित्व दाखवितात, त्याची क्रिया नव्हे. निष्क्रिय झालेले एंझाइमही त्यांत रंगते. कलकणूंच्या आनुवंशिक विकारांत सायटोक्रोम ऑक्सिडेज निष्क्रिय झालेले विखुरलेले तंतू शोधण्यासाठी म्हणूनच क्रियेवर आधारलेले अभिरंजन कायम राहिले. त्याच छेदावर सक्सिनिक डीहायड्रोजनेजाची विक्रिया केल्यास हे तंतू निळे उठून दिसतात.

होल्ट यांच्या निळीच्या तत्त्वावरच आधारलेल्या, गॅलॅक्टोसाइडयुक्त इंडोलाच्या पद्धतीने वृद्ध झालेल्या कोशिका ओळखता येतात, असे जी. पी. डिम्री व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये दाखविले. पीएच मूल्य ६ असताना अशा कोशिका निळ्या होतात. ही पद्धत सोपी असल्याने झपाट्याने पसरली. २००६ मध्ये बी. वाय. ली व त्यांचे सहकारी यांनी सिद्ध केले की, येथे वार्धक्याचे खास असे कोणतेही एंझाइम नाही. लायसोसोमांतील (कोशिकेतील पाचक एंझाइमांच्या पिशव्यांतील) नेहमीचेच बीटा-गॅलॅक्टोसिडेज वाढल्यामुळे ते प्रतिकूल पीएच मूल्यासही दिसू लागते. दाट वाढलेल्या किंवा पोषण तोडलेल्या तरुण कोशिकाही त्यामुळे निळ्या दिसू शकतात. वार्धक्याचे अनुमान काढताना कोशिकाविभाजन थांबल्याचा व संबंधित प्रथिने वाढल्याचा स्वतंत्र पुरावा संशोधन नियतकालिके त्यानंतर मागू लागली.